मुंतखब ते संगणकीय सातबारा : जालना जिल्ह्यातील दिनी मदरशांच्या जमिनी आणि न्याय्य अभिलेखाचा प्रश्न

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील सातबारा उतारा संगणकावर आला, ही विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बहुतांशी पूर्ण झालेल्या दीर्घ प्रक्रियेची फलश्रुती होय. तलाठ्याच्या दप्तरातील हस्तलिखित नोंदी संगणकावर आल्यामुळे सामान्य शेतकऱ्याचे हेलपाटे कमी झाले आणि खाडाखोडीला आळा बसला, हे निर्विवाद आहे. तथापि ज्या जमिनींचा हक्क खरेदीखतातून न येता जुन्या राजवटीच्या सनदेतून आला, त्या जमिनींच्या बाबतीत हे स्थित्यंतर तितकेसे सरळ राहिले नाही. मराठवाड्यातील मशिदी, दर्गे, देवस्थाने आणि त्यांना जोडलेल्या पाठशाळा व मदरसे यांच्या जमिनी या वर्गात मोडतात.

प्रस्तुत निबंधात जालना जिल्ह्याच्या संदर्भात दिनी मदरशांच्या जमिनींच्या अभिलेखांचा ऐतिहासिक प्रवास तपासला असून, संगणकीकरणाच्या प्रक्रियेत न्याय्यता म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा विचार केला आहे. येथे न्याय्यता हा शब्द दुहेरी अर्थाने योजिला आहे. संस्थेचा खरा हक्क नोंदीतून गळू नये, हा त्याचा एक अर्थ. आणि संस्थेच्या नावाने दुसऱ्याच्या खऱ्या हक्कावर नोंद चढू नये, हा दुसरा अर्थ होय.

जालना जिल्ह्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी :

जालना जिल्ह्याची निर्मिती १ मे १९८१ रोजी झाली. तत्पूर्वी या जिल्ह्याचा बहुतांश भाग औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूरचा भाग परभणी जिल्ह्यात समाविष्ट होता. आज जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, अंबड आणि घनसावंगी असे आठ तालुके या जिल्ह्यात आहेत. अभिलेखांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. जिल्हा नवा असला तरी त्याचे जुने दप्तर नवे नाही. त्यातील काही भाग औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर), काही परभणीच्या, तर काही थेट हैदराबादच्या दप्तरखान्याशी निगडित आहे.

कुंडलिका नदीच्या काठी वसलेले जालना शहर निजामशाही, मुघल आणि आसफजाही या तिन्ही राजवटींत महत्त्वाचे ठाणे होते. निजाम-उल-मुल्क याच्या आज्ञेने काबिल खान याने येथील किल्ला १७२५ मध्ये बांधला. १८०३ मधील असईची प्रसिद्ध लढाई याच जिल्ह्याच्या भूमीवर झाली. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हे घनसावंगी तालुक्यात आहे, तर अंबड येथे मत्स्योदरी देवीचे पुरातन स्थान आहे. म्हणजेच हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही परंपरांची, राजाश्रयावर पोसलेली धर्मस्थाने या जिल्ह्यात शेजारी शेजारी नांदली.

निजाम सरकारच्या आज्ञेने १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या औरंगाबादच्या गॅझेटिअरमध्ये जालन्याविषयी एक परंपरा नमूद आहे. औरंगजेबाच्या सैन्यासोबत दख्खनमध्ये आलेले जानअल्ला आणि बाबअल्ला हे कादरी पंथाचे सूफी बंधू जालन्यात स्थायिक झाले. स्थानिक रहिवाशांशी वाद उद्भवल्यावर बादशहाने हस्तक्षेप करून त्यांना १०० बिघे जमीन दिली आणि कादरी पंथावरून त्या वस्तीला कादराबाद हे नाव पडले, असा तिचा आशय आहे. कादराबाद हा आजही जालना शहराचा भाग आहे. या परंपरेतील तपशिलांची चिकित्सा करता येईल; परंतु धर्मसंस्थेला दिलेली जमीन, त्या देणगीभोवतीचा वाद आणि राजसत्तेने केलेली नोंद हे तिन्ही घटक तीत एकत्र आढळतात, हे लक्षणीय आहे.

मदरशाच्या निर्वाहाची पारंपरिक व्यवस्था :

मध्ययुगीन काळात मदरसा ही नेहमीच स्वतंत्र इमारतीत भरणारी संस्था नसे. मशिदीच्या ओट्यावर, दर्ग्याच्या आवारात किंवा सूफी संतांच्या तकियात अध्यापन चाले. मुलांना कुराण-पठण शिकविणारा मक्तब आणि उच्च धर्मशिक्षण देणारा मदरसा यांचा खर्च प्रामुख्याने जमिनीच्या उत्पन्नातून भागविला जाई. मुघल काळात विद्वान, धर्मशिक्षक आणि निराधार यांना दिल्या जाणाऱ्या करमुक्त जमिनीस ‘मदद-ए-मआश’ म्हणजे निर्वाहासाठीचे साहाय्य म्हणत. अशा देणग्यांचा कारभार सद्र या अधिकाऱ्याकडे असे. १६९० च्या फर्मानाने औरंगजेबाने या देणग्या वंशपरंपरागत केल्या. येथूनच एक गुंतागुंत सुरू झाली. देणगीचा हेतू विद्यादान असला तरी ती भोगणारा मात्र एक कुटुंब असे. आणि पिढ्या उलटत गेल्या तसतसा हेतू मागे पडून कुटुंबाचा भोगवटा पुढे येण्याची शक्यता निर्माण झाली.

औरंगाबाद येथील पाणचक्की हे या व्यवस्थेचे सुपरिचित उदाहरण होय. बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियातील फकीर आणि विद्यार्थी यांच्यासाठी धान्य दळण्याकरिता ही चक्की चालविली जाई. दूरच्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून आणून त्यावर चालणारी चक्की, तिला जोडलेली मशीद, विद्यार्थ्यांचे वास्तव्य आणि ग्रंथालय अशी ही परिपूर्ण संस्था होती. आज महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालय याच पाणचक्कीच्या परिसरात आहे, हा योगायोग सूचक आहे.

निजामकालीन दप्तर आणि ‘मुंतखब’ :

पहिल्या सालारजंगाच्या कारकिर्दीत (१८५३–१८८३) हैदराबाद संस्थानाच्या महसूल व्यवस्थेची पुनर्रचना झाली. १८६५ मध्ये जिल्हाबंदी अमलात आली आणि १८७० च्या दशकापासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पाहणी व जमाबंदीस प्रारंभ झाला. याच काळात इनामांची चौकशी सुरू झाली. सनदा तपासून, वारसांचे जबाब घेऊन ज्यांचे इनाम कायम ठरले त्यांना ‘मुंतखब’ देण्यात येई. मुंतखबामध्ये इनामाचा प्रकार, गाव, क्षेत्र, इनामदाराचे नाव आणि देणगीच्या अटी यांचा उल्लेख असे.

इनामांचे अनेक प्रकार होते. मदद-मआश ही मुख्यत्वे व्यक्तीच्या वा कुटुंबाच्या निर्वाहासाठी असे. याउलट ‘मशरूत-उल-खिदमत’ किंवा रूढ भाषेत ‘खिदमतमाश’ ही सेवेच्या अटीवर दिलेली जमीन होती. मशिदीत नमाज पढविणारा पेशइमाम, बांग देणारा मुअज्जिन, दर्ग्याचा मुजावर आणि मुलांना शिकविणारा मौलवी यांनी सेवा करावी आणि त्या बदल्यात जमिनीचे उत्पन्न घ्यावे, अशी ही रचना होती. जमीन त्या व्यक्तीच्या हाती असे, परंतु ती संस्थेच्या सेवेसाठी बांधलेली असे. मदद-मआश व खिदमतमाश यांतील हा भेद मुंतखबात एखाद्या शब्दाने व्यक्त होई. तो एक शब्द वगळला की सेवेकरी जमिनीचा मालक ठरतो.

फसली सन १३४९ (इ. स. १९३९–४०) च्या हैदराबाद धर्मादाय नियमावलीनुसार धार्मिक देणग्यांची नोंद ‘किताब-उल-औकाफ’ या नोंदवहीत ठेवण्याची व्यवस्था झाली. संस्थानाचे उमूर-ए-मजहबी खाते मशिदी आणि मंदिरे अशा दोहोंच्या देखरेखीचे काम पाहत असे. हे सर्व दप्तर आरंभी फार्सीत आणि १८८० च्या दशकापासून प्रामुख्याने उर्दूत लिहिले गेले.

१९४८ नंतरचे कायदे आणि नोंदीतील स्थित्यंतर :

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. फसली १३५८ (इ. स. १९४८) च्या विनियमाने हक्कनोंदणीची नवी पद्धत आणली. १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने संरक्षित कुळांना मालकीचा मार्ग खुला केला. त्यानंतर हैदराबाद इनामे व रोख अनुदाने निर्मूलन अधिनियम, १९५४ आला. या अधिनियमाने व्यक्तिगत इनामे संपुष्टात आणली. मात्र धर्मादाय व धार्मिक संस्थांनी धारण केलेली किंवा त्यांच्या लाभासाठी असलेली इनामे त्यातून वगळली. याचा अर्थ असा की, १९५४ नंतर एखाद्या जमिनीचे भवितव्य ती मदद-मआश मानली जाते की खिदमतमाश, या वर्गीकरणावर अवलंबून राहिले.

याच सुमारास मराठवाड्यात १९५४–५५ चे खासरा पत्रक तयार झाले. प्रत्यक्ष जागेवरील कब्जा नोंदविणे हा त्याचा मुख्य उद्देश होता. साहजिकच जमीन कसणाऱ्याचे नाव त्यात ठळकपणे आले. संस्थेचे नाव कोठे आले, कोठे शेऱ्याच्या रकान्यात गेले. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू झाल्यावर गाव नमुना सात आणि बारा यांची घडी बसली. उर्दू दप्तरातून मराठी सातबारावर नोंदी येण्याचे हे स्थित्यंतर हाताने झाले. संगणकीकरणाच्या चर्चेत या पहिल्या भाषांतराचा विचार क्वचितच होतो. वास्तविक पाहता संगणकावर जे उतरले ते मूळ अभिलेख नसून या भाषांतराची प्रत आहे.

वक्फ कायद्याच्या बाबतीतही मराठवाड्याचा इतिहास उर्वरित महाराष्ट्राहून वेगळा आहे. जुन्या मुंबई इलाख्यात मुस्लिम धर्मादाय संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदविल्या जात. मराठवाड्यात मात्र १९५४ चा वक्फ कायदा लागू राहिला आणि १९६० मध्ये मराठवाडा वक्फ मंडळ अस्तित्वात आले. सर्वेक्षणानंतर वक्फांच्या याद्या राजपत्रात प्रसिद्ध झाल्या. १९९५ च्या कायद्यानंतर २००२ मध्ये संपूर्ण राज्यासाठी महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळ स्थापन झाले. राजपत्रातील अशा याद्यांत मशीद, दर्गा, कब्रस्तान, ईदगाह, आशूरखाना अशी नावे प्रामुख्याने येतात. मशिदीच्या आश्रयाने चालणारा मदरसा मशिदीच्याच नावाखाली गृहीत धरला गेला. त्यामुळे मशिदीच्या खिदमतमाश जमिनीची नोंद बिघडली तर मदरशाचे उत्पन्नही जाते, परंतु दाद मागणाऱ्या कागदावर मदरशाचे नाव नसते.

स्वातंत्र्योत्तर काळात स्थापन झालेले मदरसे या दृष्टीने भिन्न आहेत. त्यांच्या जमिनी खरेदीने वा देणगीने मिळालेल्या असून त्या विश्वस्त संस्थेच्या किंवा नोंदणीकृत सोसायटीच्या नावे असतात. तेथे अडचण वेगळ्या स्वरूपाची असते. देणगीदाराने तोंडी हिबा केलेला असतो, अथवा सोयीखातर जमीन एखाद्या विश्वस्ताच्या व्यक्तिगत नावे घेतलेली असते. विश्वस्त निवर्तला की वारस फेरफार होतो आणि मदरशाची जागा वारसांच्या खात्यात जाते. संगणकीय प्रणाली या बाबतीत दोषी नसते. तिच्यापुढे आलेली नोंदच अपुरी असते.

संगणकीकरणाचे टप्पे :

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८–८९ मध्ये सुरू झाली. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला आणि २०१६ पासून त्यास डिजिटल इंडिया भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम हे स्वरूप मिळाले. महाराष्ट्रात ई-फेरफार प्रणाली विकसित झाली. संगणकीय सातबारा हस्तलिखिताशी ताडून पाहण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला.

चावडी वाचन ही कल्पना मुळात अत्यंत लोकशाहीवादी होती. तथापि तिच्या रचनेत एक मर्यादा होती. चावडीवर खातेदार आपल्या नावाची शहानिशा करू शकतो. संस्थेच्या वतीने मात्र कोणी तरी मुतवल्ली वा विश्वस्त उपस्थित असावा लागतो. जेथे मुतवल्ली नेमलेला नाही, किंवा जो नोंदीतील खातेदार आहे तोच सेवेकऱ्याचा वारस आहे, तेथे संस्थेच्या बाजूने हरकत घेणारा कोणीच उरत नाही. दुसरे असे की, संगणकीय प्रत ताडून पाहिली गेली ती शेवटच्या हस्तलिखित सातबाराशी. मुंतखबाशी किंवा खासरा पत्रकाशी नव्हे.

या ठिकाणी महसूल संहितेच्या कलम १५७ चा उल्लेख आवश्यक ठरतो. हक्कनोंदणीतील प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असे हे कलम सांगते. फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही, हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार मांडले असले तरी सिद्धतेचे ओझे नोंदीच्या विरुद्ध बोलणाऱ्यावर पडते. म्हणून नोंदीतून वगळला गेलेला एक शेराही पुढील पन्नास वर्षांच्या दाव्याची दिशा ठरवू शकतो.

न्याय्यतेचे चार प्रश्न :

पहिला प्रश्न लिपीचा आहे. मुंतखब, सेतवार आणि जुनी पाहणीपत्रके ही फार्सी-उर्दूत, बहुधा घाईच्या शिकस्ता वळणात लिहिलेली आहेत. उर्दू लिपीत ज, च, ह आणि ख ही अक्षरे केवळ नुक्त्यांमुळे वेगळी ओळखली जातात. नुक्ता पुसट झाला की गावाचे वा व्यक्तीचे नाव बदलते. शिवाय सर्व तारखा फसली सनात असतात. हैदराबादी फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन स्थूलमानाने मिळतो. हा साधा हिशेब ठाऊक नसल्यास दस्तऐवजाचा कालक्रमच चुकतो. असे वाचक आज मोजकेच उरले आहेत.

दुसरा प्रश्न रकान्याचा आहे. संगणकीय नमुन्यात भोगवटादाराचे नाव आणि इतर अधिकार असे निश्चित रकाने असतात. खिदमतमाश जमिनीत संस्थेचा हक्क आणि सेवेकऱ्याचा सशर्त भोगवटा असे दोन पदर असतात. भोगवटादाराच्या जागी सेवेकऱ्याचे नाव आणि इतर अधिकारात ‘खिदमतमाश’ असा शेरा, ही हस्तलिखितातील रीत संगणकावर जशीच्या तशी उतरली तरी चालेल; परंतु शेरा अस्पष्ट वा निरर्थक समजून गाळला गेला, तर जमीन हस्तांतरणास मोकळी दिसू लागते.

तिसरा प्रश्न क्रमांक आणि क्षेत्र यांचा आहे. मुंतखबात क्षेत्र बिघ्यांत, जमाबंदीत एकर-गुंठ्यांत आणि आजच्या सातबारावर हेक्टर-आरमध्ये असते. राजपत्रातील यादी जुना सर्व्हे नंबर सांगते. गावात एकत्रीकरण योजना झाली असल्यास सातबारावर गट नंबर असतो. एका सर्व्हे नंबरचे अनेक गट किंवा अनेक सर्व्हे नंबरांचा एक गट झालेला असतो. या दोहोंचा मेळ घालणारा तक्ता हाती नसताना केवळ आकडा पाहून नोंद घेतल्यास शेजाऱ्याची जमीन वक्फाच्या नावे लागू शकते, किंवा वक्फाची जमीन निसटू शकते.

चौथा प्रश्न काळाचा आहे. वक्फ (सुधारणा) अधिनियम, २०२५ हा ८ एप्रिल २०२५ पासून अमलात आला. अस्तित्वातील सर्व नोंदणीकृत वक्फांचा तपशील सहा महिन्यांत केंद्रीय ‘उमीद’ संकेतस्थळावर भरणे त्याने बंधनकारक केले. हे संकेतस्थळ ६ जून २०२५ रोजी सुरू झाले. मुतवल्लीने माहिती भरावी, मंडळाने तपासावी आणि शासननियुक्त अधिकाऱ्याने मान्यता द्यावी, अशी तीन पायऱ्यांची ही पद्धत आहे. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ देण्यास नकार देऊन गरजूंना न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगितले. मुदत संपली तेव्हा देशभरातून पाच लाखांहून अधिक मालमत्तांची माहिती भरण्यास आरंभ झाला होता; मान्यता मिळालेल्यांची संख्या त्याच्या निम्म्याहून कमी होती. शहरातील मोठ्या संस्थेपाशी संगणक आणि वकील असतात. मंठा किंवा जाफ्राबाद तालुक्यातील एखाद्या खेड्यात मशिदीच्या खोलीत मुलांना शिकविणाऱ्या मौलवीपाशी बहुधा उर्दू कागदाची एक जीर्ण प्रत असते. दोघांना एकच मुदत लावणे ही समानता होय. परंतु तीस न्याय्यता म्हणता येईल काय, हा प्रश्न उरतो.

नाण्याची दुसरी बाजू :

या विषयाची मांडणी केवळ संस्थेच्या बाजूने केल्यास ती अपुरी ठरेल. अनेक जमिनी आज अशा शेतकऱ्यांच्या ताब्यात आहेत, ज्यांच्या आजोबांनी त्या कूळ म्हणून कसल्या किंवा सेवेकऱ्याच्या वारसाकडून मोबदला देऊन घेतल्या. सातबारा स्वच्छ पाहूनच त्यांनी व्यवहार केला होता. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सय्यद अली विरुद्ध आंध्र प्रदेश वक्फ मंडळ या खटल्यात एकदा वक्फ झालेली मालमत्ता कायम वक्फच राहते, हे तत्त्व मांडले. कायदेशीर दृष्ट्या ते स्पष्ट असले, तरी शासनाच्याच नोंदीवर विसंबून फसलेल्या शेतकऱ्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

२०२४ च्या अखेरीस लातूर जिल्ह्यातील तळेगाव येथे सुमारे ३०० एकर जमिनीबाबत १०३ शेतकऱ्यांना वक्फ न्यायाधिकरणाच्या नोटिसा मिळाल्या आणि मराठवाड्यात अस्वस्थता पसरली. त्याच वर्षी कर्नाटकातील विजयपूर जिल्ह्यात होनवाड या गावाच्या बाबतीत असाच प्रक्षोभ उसळला. १९७४ च्या राजपत्रात गावाचे नाव चुकून लागले होते आणि १९७७ मध्ये ती चूक दुरुस्त झाली होती, असे तेथील शासनाच्या वतीने स्पष्ट करण्यात आले. पन्नास वर्षांपूर्वीची लेखनातील एक चूक दुरुस्त होऊनही दोन पिढ्यांनंतर शेतकऱ्यांची झोप उडवू शकते, हा या घटनेचा धडा होय. चुकीच्या नोंदीने मदरशाचे नुकसान होते तसेच शेतकऱ्याचेही होते, आणि दोघांमध्ये निर्माण होणारा अविश्वास हे गावाचे नुकसान असते.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा १५ सप्टेंबर २०२५ चा अंतरिम आदेश उल्लेखनीय आहे. शासकीय जमिनीबाबत वाद असल्यास न्यायाधिकरणाचा अंतिम निर्णय होईपर्यंत वक्फाचा ताबा काढता येणार नाही आणि महसुली नोंद बदलता येणार नाही. तसेच त्या काळात त्रयस्थाचे हक्कही निर्माण करता येणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. नोंद बदलण्यापूर्वी निर्णय, हा क्रम या आदेशाने अधोरेखित केला. संगणकीकरणाच्या सर्वच प्रक्रियेला हा क्रम मार्गदर्शक ठरावा.

तुलनात्मक विचार :

हा प्रश्न एकाच धर्मसमुदायापुरता मर्यादित नाही. १९५४ च्या इनाम निर्मूलन अधिनियमाने धार्मिक संस्थांच्या इनामांना दिलेली सूट मशिदींना होती तशीच मंदिरांना आणि मठांनाही होती. पुजाऱ्याच्या नावे लागलेली देवस्थान इनाम जमीन आणि पेशइमामाच्या नावे लागलेली खिदमतमाश जमीन यांची व्यथा एकच आहे. देव आणि मदरसा हे दोघेही चावडीवर येऊन हरकत नोंदवू शकत नाहीत.

आणखी एक समांतर घटना जालना जिल्ह्यातूनच उद्भवली. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथील मराठा आरक्षण आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी मोडी आणि उर्दूतील निजामकालीन कागदपत्रे धुंडाळली गेली. हैदराबादेतील दप्तरांपर्यंत शोध पोहोचला. लिपी-जाणकारांचे साहाय्य घेण्यात आले. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटिअरच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय निघाला. शासनाने मनावर घेतल्यास जुने दप्तर उघडता येते, वाचता येते आणि त्याला प्रमाण मानता येते, हे या घटनेने सिद्ध केले. जे कपाट शेतकऱ्याच्या जातीच्या नोंदीसाठी उघडले, त्याच कपाटात मशिदींचे मुंतखब आणि मंदिरांच्या सनदाही आहेत.

मदरशांच्या संदर्भात या प्रश्नाला शैक्षणिक परिमाणही आहे. २००६ च्या सच्चर समितीने शालेय वयाच्या मुस्लिम मुलांपैकी केवळ सुमारे ३ टक्के मुले मदरशांत शिकतात, असे नमूद केले होते. ही मुले बहुधा गरिबातील गरीब घरांतील असतात. राज्य शासनाच्या २०१३ च्या डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेचा लाभ घेण्यासाठी संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे किंवा वक्फ मंडळाकडे नोंदणी असावी लागते. म्हणजेच नोंदीचा घोळ जमिनीपाशी थांबत नाही. गणित आणि विज्ञान शिकविणारा शिक्षक त्या वर्गात येईल की नाही, इथवर तो पोहोचतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. जालना जिल्ह्यातील जुन्या मदरशांचे जमिनीवरील हक्क मशीद व दर्गा यांच्या सशर्त देणग्यांत गुंतलेले असल्याने, मदरशाचा स्वतंत्र उल्लेख नसणे हा हक्क नसल्याचा पुरावा मानता येत नाही.

२. संगणकीकरणाने नवीन अन्याय फारसा निर्माण केला नाही. १९५४ ते १९६७ या काळातील भाषांतर व वर्गीकरणातील उणिवा त्याने कायम केल्या आणि त्यांना प्रमाणित नोंदीचे बळ दिले.

३. सातबाराची पडताळणी शेवटच्या हस्तलिखिताशी न थांबविता धार्मिक संस्थांच्या जमिनींबाबत मुंतखब, किताब-उल-औकाफ, खासरा पत्रक आणि राजपत्र अशा सलग साखळीशी करणे आवश्यक आहे. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ दाखविणारा गावनिहाय तक्ता प्रसिद्ध झाल्यास शेतकरी आणि संस्था या दोघांनाही तो तपासता येईल.

४. कोणतीही नोंद बदलण्यापूर्वी कब्जेदार, संस्था आणि ग्रामसभा या तिघांना मराठी व उर्दू अशा दोन्ही भाषांत सूचना मिळावी. ज्या संस्थेला मुतवल्ली वा विश्वस्त नाही, तिच्या वतीने बाजू मांडणारा नेमला जावा. सद्भावनेने व्यवहार केलेल्या शेतकऱ्यासाठी भाडेपट्टा वा भरपाईचा मार्ग खुला असावा. देवस्थान इनाम जमिनींनाही हेच निकष लावावेत.

५. फार्सी, उर्दू आणि मोडी वाचणारे अभ्यासक घडविणे हे आता केवळ इतिहास संशोधनाचे काम राहिलेले नाही. मराठवाड्यातील महाविद्यालयांनी या लिपींचे अभ्यासवर्ग चालविल्यास त्याचा लाभ न्यायदानाला होईल.

मुंतखब लिहिणाऱ्या कारकुनाने एका शब्दात देणगीची अट नोंदविली होती. त्या अटीच्या आधारे खेड्यातील मुलांना अक्षरओळख होत राहिली. तो कागद कोरून जीर्ण होण्यापूर्वी वाचला जावा आणि त्यावरील शब्द संगणकावर बिनचूक उतरावा, इतकीच न्याय्य अभिलेखाची किमान अपेक्षा आहे. शेजारच्या शेतकऱ्याच्या बांधावरही तोच शब्द तितक्याच काटेकोरपणे थांबला, तर ती अपेक्षा पूर्ण झाली असे म्हणता येईल.